आधी माती निर्विष करा, मगच वीट रचा!

दिल्लीत यमुनेच्या पश्चिम काठावर कोळशाची राख मुरली आहे. त्याच नदीच्या पूर्व काठावर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, मयूर विहारच्या वसाहती वसल्या आहेत. मधल्या खादरात, म्हणजे नदीच्या पूरक्षेत्रातल्या सखल जमिनीत, भाजी पिकते आणि त्याच खादराच्या पोटातले पाणी उपसून शहराला पाजले जाते. राख, पाणी, भाजी आणि माणूस यांचा संबंध काय, हे सांगायला कोणत्याही आयोगाची गरज नाही. शेंबड्या पोरालाही ते कळते. कळत नाही ते फक्त सरकारला! धुराडी विझली, कामगार घरी गेले, फाटकांना टाळी लागली, म्हणजे कारखान्याचे पाप संपले, अशी सोयीची समजूत करून घेऊन एकामागून एक सरकारे स्वस्थ बसली. या स्वस्थपणाला आम्ही गुन्हा म्हणतो, आणि तो गुन्हा आजही चालू आहे.

इंद्रप्रस्थ औष्णिक वीज केंद्राने १९६०च्या दशकापासून राजधानीला वीज दिली. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर आल्या तेव्हा ते बंद झाले. महात्म्याच्या समाधीशेजारचे राजघाट वीज केंद्र २०१५ मध्ये थांबले, तर दक्षिणेकडचे ७०५ मेगावॉटचे बदरपूर केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये. दिल्लीच्या हवेवरचे मोठे ओझे त्यामुळे उतरले. ते निर्णय योग्यच होते आणि त्यांचे श्रेय ज्याचे त्याला मिळावे. परंतु हवेतला धूर थांबला म्हणून जमिनीतले विष नाहीसे होत नाही. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे शंभर गाड्या कोळसा जाळला की तीस-चाळीस गाड्या राख मागे उरते. ही राख पाण्यात कालवून, चिखलासारखी करून, नळांनी तळ्यात सोडायची, ही त्या काळची सर्रास रीत. तळ्याला खाली अस्तर घालण्याची चाल तेव्हा नव्हती. राखेत अर्सेनिक असते, शिसे असते, पारा आणि क्रोमियम असते. पाऊस पडला, पूर आला, की ही मंडळी विरघळून खाली उतरतात आणि भूजलाला जाऊन मिळतात. कारखान्याच्या फाटकाला कुलूप लावता येते. झिरपणाऱ्या पाण्याला लावता येत नाही!

या राखेचे पुढे काय झाले? इंद्रप्रस्थ केंद्राच्या राखेच्या तळ्यावर स्पर्धांच्या घाईत मिलेनियम बस डेपो उभा राहिला. ऐन यमुनेच्या पूरक्षेत्रात, राखेच्या उरावर, शेकडो बसगाड्यांचा तळ! तो तात्पुरता आहे असे सांगण्यात आले, आणि स्पर्धा उरकून वर्षे लोटली तरी त्याच्यावरून न्यायालयांत खटले चालूच राहिले. राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद दिल्लीला २००३ मध्ये मिळाले होते. हातात सात वर्षे होती. लंडनला २०१२च्या ऑलिम्पिकचे यजमानपद २००५ मध्ये मिळाले. त्यांच्या हातीही सातच वर्षे होती. तिथली जागासुद्धा जुने रासायनिक कारखाने, तेलाचे साठे आणि कचऱ्याचे ढीग यांनी नासलेली होती. त्या लोकांनी काय केले? सुमारे २० लाख टन माती उकरली, जागेवरच यंत्रे बसवून ती धुतली, तपासली, आणि बहुतेक माती तिथेच परत वापरली. त्या यंत्रांच्या तळांना लोक मातीची इस्पितळे म्हणू लागले होते. आधी माती शुद्ध झाली, नंतर मैदाने उभी राहिली. तितक्याच अवधीत आपण राखेवर डांबर ओतले. पैसा दोन्हीकडे होता, मुदत दोन्हीकडे सारखी होती. कमी पडली ती लोकांच्या जिवाची चाड!

आता नदी ओलांडून अलीकडे या. मयूर विहारला लागून चिल्ला खादरची शेते आहेत. थंडीच्या दिवसांत तिथला शेतकरी पहाटे मुळा उपटतो, पानांसकट जुड्या बांधतो, जवळच्या पाण्यात त्या खळखळून धुतो आणि सूर्य वर यायच्या आत रस्त्याच्या कडेला आणून मांडतो. पांढराशुभ्र, पाणी टपकणारा मुळा. घेणाऱ्याच्या डोळ्यांना त्यात काहीही वावगे दिसत नाही. यमुनेकाठच्या भाज्यांत जड धातू असल्याचे अभ्यासांतून पुढे आल्यावर राष्ट्रीय हरित लवादाने १३ जानेवारी २०१५च्या निकालात नदी शुद्ध होईपर्यंत या पूरक्षेत्रात खाण्याची पिके घेण्यास मनाई केली. लोकांच्या आरोग्यासाठी तो आदेश गरजेचा होता, हे आम्ही मानतो. पण न्याय पुरा झाला का? मनोज मिश्र यांच्यासारखा एकेकाळचा वनाधिकारी यमुनेसाठी वर्षानुवर्षे झगडला, तेव्हा कुठे हा निकाल पदरात पडला. त्या निकालाचा बडगा सर्वांत आधी कोणावर बसला? मुळा लावणाऱ्यावर! ज्याने पाण्यात पारा सोडला नाही, ज्याच्या घरात राखेच्या विजेचा दिवाही धड लागला नाही, त्याच्या पोटावर पाय आला. आणि ज्यांनी राख ओतली, ज्यांनी रंगाची, मुलाम्याची रसायने नाल्यांत सोडली, त्यांच्या दारी वसुलीचा माणूस गेला नाही. विष पेरणारा मोकळा आणि मुळा पेरणारा आरोपी, असा कारभार ज्या राज्यात चालतो त्या राज्याला कायद्याचे राज्य म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

१३ जुलै २०२३ रोजी यमुनेने २०८.६६ मीटरची पातळी गाठली. १९७८चा उच्चांक मोडला. पाणी राजघाटात शिरले, आयटीओच्या चौकात शिरले. खादरातली कुटुंबे चूलभांडी डोक्यावर घेऊन मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूंत येऊन राहिली. पाणी ओसरल्यावर गाळ उपसला गेला, रस्ते धुतले गेले, पंचनामे झाले. पुराच्या पाण्याने जुन्या राखेच्या जागांतून काय काय उचलून आणले आणि कोणाच्या शेतात, कोणाच्या विहिरीच्या तोंडाशी नेऊन ठेवले, याचा जागेनिहाय हिशेब लोकांसमोर मांडलाच गेला नाही. याच पूरक्षेत्रात दिल्ली जल मंडळाच्या, नदीकाठचे भूजल उपसणाऱ्या रॅनी विहिरी आहेत. त्यांचे पाणी नळाने घरोघर जाते. तेव्हा हा प्रश्न फक्त खादरातल्या झोपडीचा आहे, असे समजून नवव्या मजल्यावर निवांत झोपणाऱ्यांनी उठून बसावे. भूजल मजल्यांचे नंबर पाहून वाहत नाही.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे कोणी म्हणेल तर ते साफ खोटे आहे. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतल्या श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या खटल्यात सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने २० डिसेंबर १९८६ रोजी निक्षून सांगितले की, धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला कोणतीही सबब चालणार नाही. नुकसानीची जबाबदारी निरपवाद आहे. पुढे ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले १६८ घातक उद्योग ३० नोव्हेंबरपर्यंत शहरातून बंद करण्याचा हुकूम दिला. त्याआधी मे महिन्यातच, उद्योग हलल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनीची वाटणी न्यायालयाने ठरवून दिली होती. भूखंड दहा हेक्टरांहून मोठा असेल तर त्यातली ६८ टक्के जमीन लोकांसाठी, हिरवाईसाठी सोडायची आणि ३२ टक्के मालकाने विकसित करायची. शहराच्या फुफ्फुसांचा इतका उदार विचार याआधी कोणी केला नव्हता. पण त्या वाटणीत चौरस मीटर मोजले गेले. मातीतले शिसे मोजण्याचे कलम त्यात आले नाही. जमीन किती हे ठरले, जमीन कशी हे ठरलेच नाही. पुढच्या सगळ्या पुनर्विकासाने ही पळवाट हेरली आणि तिचा राजमार्ग केला.

त्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १९९६ रोजी, राजस्थानातल्या बिछडीच्या खटल्याचा निकाल लागला. उदयपूरजवळच्या या गावात एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरींचे पाणी चहासारखे काळे-तांबडे करून टाकले होते. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ने तिथली माती आणि पाणी तपासून अहवाल दिला. जो घाण करील तोच निस्तरील, हे तत्त्व न्यायालयाने ठणकावून मांडले. मग काय झाले? कंपनीने अर्जावर अर्ज टाकून पंधरा वर्षे काढली. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये, १९९७ पासून बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. म्हणजे रक्कम चौपटीहून अधिक झाली. जमीन स्वच्छ करणे परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हे गणित पाठ करावे. महाग पडते ते काम नव्हे, महाग पडते ती टाळाटाळ! भोपाळ तर याहून भीषण. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा हलवून पीथमपूरला जाळायला २०२५ साल उजाडावे लागले. १९८४च्या त्या रात्री जन्मलेले मूल तोवर चाळिशी ओलांडून गेले होते.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. उशिरा का होईना, हे पाऊल पडले, त्याचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करतो. संशयित जागांची यादी स्थानिक प्रशासनाने द्यायची, राज्याच्या मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, त्यानंतर सविस्तर पाहणी व्हायची, १८९ घातक पदार्थांच्या मर्यादा पाहायच्या, दोषी शोधायचा आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. कागदावर हे उत्तम आहे. पण नियम आले तेव्हा देशात अशी १०३ ठिकाणे नोंदली गेली होती आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण सुरू झाले होते फक्त सातांचे! त्यातही या नियमांत तपासणीला मुदत आहे, दोषी शोधायला मुदत आहे. जमीन शुद्ध करून लोकांच्या हाती द्यायला मुदत नाही. ज्या कामाला शेवटची तारीख नसते ते काम सरकारी दप्तरात म्हातारे होते, हे या देशात कोणाला सांगायला हवे?

या नियमांतले दुसरे भगदाड मयूर विहारच्या नाकासमोरच आहे. फेज तीनच्या शेजारी गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर उभा आहे. १९८४ मध्ये तिथे कचरा टाकायला सुरुवात झाली. २००२ मध्येच त्याची क्षमता संपली, तरी टाकणे थांबले नाही. तो डोंगर वाढत वाढत पासष्ट मीटरपर्यंत गेला, कुतुबमिनाराशी स्पर्धा करू लागला. १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचा कडा कोसळला आणि दोन जीव गेले. मार्च २०२२ मध्ये तो पेटला, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा पेटला, आणि भोवतालच्या वस्त्यांतली म्हातारी माणसे नाकाला फडके लावून खोकत बसली. घनकचऱ्याचे डेपो एरवी या नव्या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. घातक पदार्थांची भेसळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे आहे असे दिसले तरच ते आत येतात. मग ती भेसळ आहे की नाही, हे आधी तपासा ना! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय याच पूर्व दिल्लीत, ईस्ट अर्जुन नगरला आहे. तिथून गाझीपूरला जायला विमान लागत नाही. डोंगराखालची माती आणि झिरपा खोलवर तपासून निष्कर्ष वेशीवर टांगायला कोणता मुहूर्त पाहिजे आहे?

बाग केली की झाले, असे सांगणाऱ्यांचे एक टोळके अलीकडे फार माजले आहे. बदरपूरच्या राखेच्या तळ्यावर सुमारे ८८० एकरांचे उद्यान योजले गेले. राखेवर माती पसरून झाडे लावणे ही जगात मान्य असलेली पद्धत आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. उडणारी राख त्याने थांबते. पण झाकणे आणि निर्विष करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा बागेत गुलाबाच्या वाफ्याखाली पोलादी नळी उतरवून मातीचा गाभा वर काढा. वर हात-दोन हात बाहेरून आणलेली तांबूस माती दिसेल, तिच्याखाली बोटांना पिठासारखी लागणारी करडी राख, आणि त्याखाली ओली वाळू. प्रश्न त्या वाळूतल्या ओलाव्याचा आहे. तो ओलावा दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासला जाणार असेल, निकाल फाटकावर लावला जाणार असेल, तर बाग खुशाल करा. तपासणी टाळण्यासाठी हिरवळ अंथरणार असाल तर ती लोकांची फसवणूक आहे आणि तिचे उद्घाटन करणारा प्रत्येक हात त्या फसवणुकीत सामील आहे.

दिल्लीच्या पदरातले भोक दाखवताना महाराष्ट्राने आपली झोळी लपवू नये. गिरणगावाची सुमारे सहाशे एकर जमीन आपल्याच डोळ्यांदेखत गेली. १९९१च्या नियमाने तिचे तीन वाटे केले होते. मोकळ्या जागेचा, घरांचा आणि मालकाचा. २००१च्या दुरुस्तीने ते वाटे फक्त मोकळ्या तुकड्यापुरते आक्रसले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मालकांची सरशी झाली. बहुतेक कामगारांना घर मिळाले नाही, मुंबईला मैदान मिळाले नाही, यावर आपण खूप रडलो, लढलो, आणि ते रास्तच होते. पण ब्लीचिंग आणि रंगखात्यांच्या गटारांखाली, बॉयलरच्या राखेखाली, शंभर वर्षांत काय मुरले, हा सवाल त्या साऱ्या लढाईत कोणी ऐरणीवर आणला? कोणीही नाही. आमच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, बांधावरच्या आंब्याची असते, सोसायटीच्या कर्जाचा बोजा इतर हक्कांत चढलेला असतो. दोन हजारांचे पीककर्ज थकले तर ते उताऱ्यावर येते. जमिनीत पारा मुरला तर तो येत नाही! शेतकऱ्याचे देणे नोंदवायचे आणि कारखानदाराचे पाप कोरे ठेवायचे, ही महसूल खात्याची कोणती नीती?

आणि या सगळ्यात जो माणूस प्रत्यक्ष खणतो, तोडतो, उचलतो, त्याची आठवण कोणाला आहे? जुन्या कारखान्यांच्या बॉयलरभोवती ॲस्बेस्टॉस गुंडाळलेले असे. ते हाताने सोलणारा मजूर तोंडाला गमछा बांधून काम करतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय घडले? विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातल्या कोबाल्ट-६०ने एका कामगाराचा जीव घेतला आणि अनेकांना होरपळवले. आत काय आहे हे न पाहता विकायचे, ही सवय यंत्राच्या बाबतीत जितकी जीवघेणी, तितकीच जमिनीच्या बाबतीतही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. इंद्रप्रस्थ, राजघाट आणि बदरपूर या तिन्ही केंद्रांच्या जागा, त्यांची राखेची तळी आणि त्यांना लागून असलेले खादर यांची खोलवर तपासणी व्हावी आणि भूखंडनिहाय निकाल हिंदीत, साध्या भाषेत, जाहीर व्हावेत. ही केंद्रे सरकारी मालकीची होती. इथे घाण करणारा दुसरातिसरा कोणी नसून सरकारच आहे. तेव्हा पहिला धनादेश सरकारी वीज कंपन्यांनी आणि त्यांच्या मालकांनी फाडावा. मगच त्यांनी खासगी कारखानदाराकडे बोट दाखवावे. तपासणीचे काम दोषीच्या पैशाने व्हावे, पण दोषीच्या माणसाकडून होऊ नये. जमीन निर्विष झाल्याचा दाखला मिळेपर्यंत बांधकामाची एकही परवानगी देऊ नये. आणि तो दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व सही कायम दप्तरात राहावी. शुद्धीकरण पुरे करण्याची तारीख नियमांत दुरुस्ती करून घालावी आणि ती चुकली तर बिछडीसारखे चक्रवाढ व्याज लावावे. खादरातल्या ज्या शेतकऱ्याचे पीक बंद केले त्याला, जमीन शुद्ध होईपर्यंत, फुले आणि रोपवाटिकेसाठी मदत व निर्वाहाचा पैसा मिळावा. खणणाऱ्या मजुराला मुखवटा, हातमोजे आणि दरवर्षी रक्ततपासणी हा हक्क म्हणून मिळावा. महाराष्ट्र सरकारने सातबारा आणि मालमत्ता पत्रकावर प्रदूषणाची नोंद सक्तीची करावी, म्हणजे घर घेणाऱ्याला आपण कशावर पाय ठेवतो आहोत ते कळेल.

यातली एकही मागणी चंद्रावरची नाही. अमेरिकेत नायगारा फॉल्सजवळच्या लव्ह कॅनॉलमध्ये पुरलेल्या रसायनांवर शाळा आणि त्यांना लागून घरे उभी राहिली होती. १९७८ मध्ये तिथल्या आया रस्त्यावर उतरल्या. दोनच वर्षांत, डिसेंबर १९८० मध्ये, प्रदूषकाकडून वसुली करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांना सही करावी लागली. तज्ज्ञांनी बरेच सांगून पाहिले होते. कायदा झाला तो आया हटल्या नाहीत म्हणून.

मयूर विहारमध्ये शिकलेली, जाणती माणसे राहतात. निवृत्त सचिव आहेत, वकील आहेत, वार्ताहर आहेत, प्राध्यापक आहेत. महाराष्ट्रातून जाऊन तिथे स्थिरावलेली कुटुंबे आहेत. गणपतीच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणारे हे लोक माहिती अधिकाराचा एक अर्ज घेऊनही फिरू शकतात. प्रत्येक सोसायटीने आपल्या कूपनलिकेचे पाणी जड धातूंसाठी तपासून घ्यावे, निकाल सूचनाफलकावर लावावा, आणि सगळे निकाल एकत्र करून हरित लवादाच्या दारात उभे राहावे. खादरातल्या शेतकऱ्याला सोबत घ्यावे, कारण त्याची विहीर आणि यांचा नळ एकाच पाण्यावर चालतो. सरकारला आम्ही एवढेच बजावतो: राखेवर रंगरंगोटी करण्याचे दिवस भरले आहेत. पुढच्या भूमिपूजनाला कुदळ उचलाल, तेव्हा लोक आधी मातीचा अहवाल मागतील. तो हातात नसेल, तर कुदळ खाली ठेवा!